पाणी घालण्याआधी

नेरुळला पाम बीच रस्त्याजवळच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर एक कुटुंब राहत होतं. मुलगा, सून, सातवीतली नात आणि गुहागरहून आणलेल्या आजी. आजोबा गेले, गावच्या घराला कुलूप लागलं आणि मुलगा आईला आपल्याकडे घेऊन आला. मुलगा मायाळू होता, सूनही मायाळू होती. निष्काळजी माणसाच्या घरी झाड वाळलं तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं. या घरात काळजीची कमतरता नव्हती, म्हणूनच ही गोष्ट सांगायची.

उन्हाळा सरताना सुनेनं महामार्गाकडेच्या नर्सरीतून मॉन्स्टेरा आणला. हा मूळचा मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलातला वेल. तिकडे तो जमिनीवर रुजतो आणि मोठ्या झाडाच्या खोडाला धरून वर चढतो. हातभर रुंद पानं, कडेपासून आत चिरलेली, मधे भोकं. सुनेनं तो पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत लावून टीव्हीशेजारी ठेवला. कुंडी देखणी होती, पण तिला खाली भोक नव्हतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पानं माना टाकू लागली. तहान लागली असेल, म्हणून सुनेनं तांब्याभर पाणी घातलं. पानं आणखी वाकली, तिनं आणखी पाणी घातलं. खालचं पान पिवळं पडलं तेव्हा अन्न कमी पडतंय असं वाटून १९:१९:१९ खत विरघळवून दिलं. कडा तपकिरी झाल्या तेव्हा कीड समजून कडुलिंबाचं तेल फवारलं. ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली तशी कुंडी पश्चिमेच्या बाल्कनीत गेली आणि त्या उन्हानं उरल्यासुरल्या पानांवर चट्टे उठले. यातलं एकही काम तिनं आळसानं केलं नव्हतं. ऑफिसातून दमून आल्यावरही ती पर्स ठेवून आधी कुंडीकडे जायची.

त्याच दिवसांत आजीही कोमेजत चालल्या होत्या. गावी त्या पहाटे उठून पाणी तापवायच्या, आगरात फिरून पडलेल्या सुपाऱ्या वेचायच्या, दुपारी आमसुलं वाळत घालायच्या. इथे त्या उठल्या की सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांड्याला हात लावला की मुलगा म्हणायचा, "आई, तू आयुष्यभर केलंस, आता आराम कर." स्वयंपाकाला बाई होत्या. आजींची भूक मंदावली तेव्हा टॉनिक आलं. झोप उडाली तेव्हा तपासण्या झाल्या. त्यांत काही निघालं नाही. मग त्यांना आणखी जपायचं ठरलं. खाली बागेत एकटीनं जायचं नाही, गॅसजवळ उभं राहायचं नाही.

एका रविवारी सून मॉन्स्टेरा कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाली. आजी पलंगावरून म्हणाल्या, "थांब गं जरा. इकडे आण तो."

त्यांनी मातीत बोट घातलं. बोट चिखलानं भरून वर आलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, तर मातीला आंबल्यासारखा वास येत होता. मग फरशीवर वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली आणि हलक्या हातानं वेल मातीसकट बाहेर ओढला. कुंडीच्या तळाशी चार बोटं काळं पाणी साचलेलं होतं. आजींनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर त्याची तपकिरी साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला.

"मेलं हे," त्या म्हणाल्या. "मिरवेलाला मर लागते, तेव्हा असंच होतं."

आजोबांनी फार वर्षांपूर्वी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पन्नियूर मिरीची रोपं आणून सुपारीवर चढवली होती. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबलं की बुरशी मुळं खाते आणि हिरवागार वेल बघता बघता मान टाकतो, हे आजींनी पुष्कळदा पाहिलं होतं. मेक्सिकोचा वेल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण खोडाच्या पेरांतून सुटलेली मुळं पाहून हा आधार शोधणारा वेल आहे हे त्यांनी ओळखलं. मनगटाला चीक लागून खाज सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "अळवाच्या जातीतला दिसतोय." मॉन्स्टेरा खरंच अळवाच्याच कुळातला आहे. आजींनी मनगटाला आमसूल चोळलं आणि कामाला लागल्या.

"पण आई, पानं तर तहानेनं वाकतात ना?" सुनेनं विचारलं.

"तहानेनंही वाकतात आणि पाण्यात बुडूनही वाकतात. वरून सारखंच दिसतं. मूळ कुजलं की ते पाणी ओढणार कशानं? बाहेर चिखल आणि आत कोरड. तू बघत होतीस पान. बोट घालायला हवं होतं मातीत."

नात म्हणाली, "झाडं पानांनी श्वास घेतात, आजी."

"आणि मुळांनी नाही? खाडीकाठी ओहोटीला तिवरांखाली बघ. चिखलातून बोटाएवढाल्या काड्या उभ्या असतात. ती तिवराचीच मुळं. खाली चिखलात हवा नाही, म्हणून श्वासाला वर येतात. या बिचाऱ्याला कुंडीत ती सोय नाही."

कात्री उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी मऊ पडलेली सगळी मुळं छाटली आणि घट्ट, पांढरट होती तेवढीच ठेवली. पिवळी पानं काढली. उरलेला वेल धुऊन थोडा वेळ सावलीत सुकू दिला. मुलाला बाजारात पाठवून भोक असलेली मातीची लहान कुंडी आणवली. "मोठी नको. मुळं थोडी नि माती फार, तर पाणी परत तुंबेल." नर्सरीची चिकट लाल माती त्यांनी बाजूला सारली आणि कोकोपीट, सोडणाचे तुकडे, कोळशाचा चुरा नि मूठभर गांडूळखत कालवून कुंडी भरली. बांबूच्या काठीला सुंभ गुंडाळून वेल तिला बांधला. खताची पुडी कपाटात टाकली. मुळं धड नसताना खत दिलं तर ती आणखी भाजतात.

कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली, जिथे उजेड भरपूर पण झळ नाही. आता पाणी किती दिवसांनी घालायचं, असं सुनेनं विचारलं, तर आजींनी दिवस सांगितलाच नाही. "दोन पेरं बोट आत घाल. कोरडं लागलं तर घाल, ओलं लागलं तर उठून जा." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. जुलैत नवी मुंबईची हवाच ८० टक्क्यांहून जास्त दमट असते, मातीतलं पाणी आठवडाभर हलत नाही. ऑक्टोबरच्या उष्म्यात तीच कुंडी झटकन सुकते. नियम बांधून दिला असता तर तो एका महिन्यात चुकीचा ठरला असता. आणि गावी विहिरीचं पाणी ओढून आणावं लागायचं, त्यामुळे कुणी उगाच ओतत नसे. इथे मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, हात आपोआप सैल सुटतो.

हात धुताना सुनेनं आजींकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्या अशा ताठ उभ्या राहिल्या नव्हत्या. तिनं विचारलं, "आई, तुम्हाला इथे काय हवं-नको, हे आम्ही कधी विचारलंच नाही, नाही?"

"तुम्ही काही कमी केलं नाहीत गं," आजी म्हणाल्या. "पण सकाळी डोळे उघडले की दिवस अंगावर येतो. माझ्या हाताला काम द्या. समोरच्याला न विचारता नुसतं देत राहिलं, की देणाऱ्याला समाधान मिळतं आणि घेणारा गुदमरतो. आधी विचारावं, मग द्यावं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळची आमटी आजींची झाली. बाईंना पोळ्या आणि भाजी उरली. संध्याकाळी त्या एकट्या खाली उतरू लागल्या. पहिले काही दिवस मुलगा गॅलरीतून वाकून बघायचा, मग त्यानं ते सोडलं. टॉनिकची बाटली अर्धीच राहिली. मॉन्स्टेराचं मात्र बरेच दिवस काही दिसेना. सुनेचा हात तांब्याकडे जायचा, ती बोट घालून बघायची आणि परत फिरायची. हे न देणं तिला पाणी घालण्यापेक्षा जड गेलं. दसऱ्याच्या सुमारास पेरातून हिरवी सुरळी निघाली. पान उघडलं ते लहानसं, एकाच चिरेचं. मागच्या पानांच्या निम्म्यानंही नव्हतं. पण ते ताठ होतं.

दिवाळीनंतर आजी म्हणाल्या, "पौषात मिरी काढायला येईल. मला महिनाभर गावी जायचंय."

मुलगा लगेच म्हणाला, "एकटी? तुझं बीपी आहे आई. तिथे रात्रीबेरात्री काही झालं तर?"

सून म्हणाली, "अहो, त्यांनाच विचारा ना, काय लागेल ते."

आजींनी सगळं आधीच योजून ठेवलं होतं. रात्री सोबतीला शेजारच्या वहिनी येणार होत्या, गोळ्या महिन्याच्या घ्यायच्या होत्या, सकाळ-संध्याकाळ फोन करायचा होता. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं मोबाइलवर पनवेल ते चिपळूण गाडी बघायला घेतली. पुढे गुहागरपर्यंत एसटी होतीच.

निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून आजी खिडकीशी गेल्या, कुंडीत बोट घातलं आणि नातीला म्हणाल्या, "आज ओली आहे. परवा बघ. आणि आईनं विचारलं तर सांग, खत अजून द्यायचं नाही. आणखी दोन पानं येऊ देत."