साखरेकडे वळणारा जीव

आमच्या आत्या आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या. गाळून झालं की फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायच्या आणि अडकलेले जीव परत आडात सोडायच्या. त्याला जिवाणी म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला नको. माझी मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकायला लागली तेव्हा एकदा हसून म्हणाली, "आज्जी, जिवाणू तर सगळे फडक्यातून खाली गेले. तू जिवाणी कुणाची करतेस?" आत्या म्हणाल्या, "जे अडकतात त्यांची तरी करू दे की गं."

तेव्हा ते हसण्यावारी गेलं. पुढच्याच पावसाळ्यात मुलीला टायफॉइड झाला.

विडाल तपासणीच्या कागदावर 'ओ' आणि 'एच' अशी दोन अक्षरं होती. तापात पडल्या पडल्या तिनंच मला सांगितलं, की एच म्हणजे जिवाणूची शेपटी. आपलं रक्त त्या शेपटीविरुद्ध उभं राहिलंय का, ते त्यात बघतात. मग बरी होताना रोज थोडं थोडं सांगत गेली, आणि मी ऐकत गेले.

ती शेपटी माशासारखी हलत नाही, फिरते. बर्ग आणि अँडरसन यांनी १९७३ साली हे मांडलं. पुढच्या वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी शेपटीच काचेला चिकटवून टाकली, तर जिवाणूचं अख्खं अंग गरगर फिरायला लागलं! शेपटीच्या बुडाशी, अंगाच्या पापुद्र्यात एक चक्र असतं, साधारण ४५ नॅनोमीटर रुंद. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चक्राभोवती मॉट-ए आणि मॉट-बी या प्रोटीनचे गट कडं करून बसलेले. पापुद्र्याच्या बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. ते या गटांमधल्या वाटेनं आत उतरतात आणि उतरताना गट चक्राला ढकलतो. वरचं पाणी खाली येताना पाणचक्कीचं जातं फिरवतं, तसंच हे. इ. कोलाय नावाच्या जिवाणूचं चक्र सेकंदाला ३०० फेऱ्यांपर्यंत जातं. आपला मिक्सर जोरात लावला तर साधारण तेवढंच.

पण मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीनं. चक्र घड्याळाच्या उलट फिरलं की शेपट्यांची जुडी बांधली जाते आणि जिवाणू सरळ पोहतो. काट्याच्या दिशेनं फिरलं की जुडी सुटते, तो कोलांटी खातो, आणि तोंड भलतीकडेच होतं. साखर वाढत चाललेली लागली तर कोलांट्या कमी होतात. नकोसं काही लागलं तर वाढतात. एवढ्यावर तो साखरेकडे जातो, विषापासून लांब.

एकेंद्रिय जीवालासुद्धा आहार, भय, मैथुन, परिग्रह या चार संज्ञा असतात, हे आपण लहानपणी पाठ केलेलं. मी म्हटलं, "हे बघ, आहार आणि भय तर इथंच दिसतंय."

"आई, त्याला काही वाटत नाही. एक प्रोटीन येऊन चक्राला चिकटतं, चक्र उलटं फिरतं. संपलं."

तिचं खरं असेल. पण मला भूक लागते तीसुद्धा अंगातल्या कुठल्या तरी रसायनानंच ना? कळ सापडली म्हणून इच्छा खोटी ठरत असेल, तर माझीही खोटीच. उलट बाजूही मला दिसते. मिक्सरही फिरतो, त्यात कोण बसलंय? फरक मला एवढाच कळतो, की मिक्सर बंद पडला तर मिक्सरचं काही जात नाही, चटणी माझी राहते. प्रोटॉनचा तो उतार संपला तर जिवाणूचं सगळंच जातं. ज्याचं काही जाऊ शकतं त्याला मी वस्तू म्हणू शकत नाही. 'वाटतं' म्हणायचं की नाही, ते शहाण्यांनी ठरवावं.

संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. हिंसेचे हे चार प्रकार गृहस्थाच्या सोयीसाठी आहेत असं कधी कधी मला वाटतं. मुलीला औषध दिलं ते विरोधी हिंसेत बसवून मी मोकळी झाले होते. पण विरोधाला वैरी लागतो. तो जीव माझ्या मुलीला ओळखतही नव्हता. आपल्या खाण्याकडे वळला, एवढंच. औषधाची एकही वेळ मी चुकवली नाही, गजर लावून उठले. परत वेळ आली तर परत तसंच करीन. फक्त "काही मेलं नाही" असं आता म्हणवत नाही.

तेव्हापासून घरात रोज पाणी उकळतं. पहिल्या दिवशी पातेलं ठेवताना आत्यांनी नातीला विचारलं, "यात किती गं असतील?"

"लाखो असतील, आज्जी."

आत्या थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग आधी फडक्यानं गाळून घेतलं, जिवाणी आडात सोडून आल्या, आणि गॅस स्वतःच पेटवला.