चालतं ठेवणं

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंची व्यवस्था प्रत्येक घर आपापल्या रीतीने लावतं. कपडे कुणा गरजूला जातात. चष्मा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना चालत नाही, तरी टाकवत नाही. मनगटी घड्याळाचं मात्र काय करावं, ते कुणालाच नीट कळत नाही. देऊन टाकायला मन होत नाही आणि स्वतःच्या हातात बांधायलाही धजत नाही. मग ते रुमालात गुंडाळलं जातं, कपाटाच्या आतल्या कप्प्यात दागिन्यांच्या डबीशेजारी जागा मिळवतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. घरच्यांच्या मते ते जपलेलं असतं.

माझ्या वडिलांचं घड्याळ असंच जपलेलं होतं. एचएमटीचं 'जनता', रोज चावी द्यावी लागणारं. हिंदुस्थान मशीन टूल्स ही कंपनी १९५३ मध्ये निघाली ती यंत्रं घडवणारी यंत्रं बनवण्यासाठी. पुढे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना घातला आणि तिथली पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते लोकांसमोर आली. मग जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावं घरोघरी पोचली. प्राथमिक शाळेतले गुरुजी, तालुक्याच्या कचेरीतले कारकून, एसटीचे कंडक्टर, गिरणीत पाळी करणारे कामगार यांच्या मनगटावर हीच घड्याळं असत. कुणी पहिल्या पगारातून घेतलेलं, कुणाला सासऱ्याने लग्नात दिलेलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं बाजारात पसरली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

वडिलांचं घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं होतं. घरात त्या सव्वाचारला हळूहळू अर्थ चिकटत गेला. काटे हलवू नका, ती त्यांची वेळ आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि मग कुणी हलवले नाहीत. पण चावीच्या घड्याळाला एकदा पूर्ण चावी दिली की ते साधारण दीड दिवस चालतं. माणूस दवाखान्यात जातो, घड्याळ टेबलावर राहतं, आदल्या सकाळी दिलेली चावी संपेपर्यंत टिकटिक करतं आणि कमानीतला जोर सरला की थांबतं. सव्वाचारचा माणसाच्या शेवटच्या श्वासाशी काहीही संबंध नसतो. ती फक्त चावी संपल्याची वेळ. हे कोरडं वाटेल, पण मला त्यात दिलासा वाटला. काटे हलवल्याने कशाचाही अवमान होणार नव्हता.

आणि हलवणं गरजेचंही होतं, कारण बंद घड्याळ वाटतं तसं जसंच्या तसं राहत नाही. त्याच्या मशीनमध्ये जिथे जिथे चाकाचा आस टेकतो, तिथे तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब असतो. ज्यांवर हे आस टेकतात, ते लाल खडे म्हणजे डायलवर लिहिलेले 'सतरा ज्वेल'. ते माणिकच असतात, पण कारखान्यात तयार केलेले. ओग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणकाची पद्धत जाहीर केली आणि हे खडे स्वस्त झाले. त्यांना दागिन्याची किंमत नाही. ते कठीण आणि गुळगुळीत असतात, घर्षण कमी करतात, एवढ्यासाठीच तिथे असतात. पण खडा टिकला तरी तेल टिकत नाही. घड्याळ वापरात असो वा नसो, काही वर्षांत तेल सुकतं, चिकट होतं आणि धूळ धरतं. अशा घड्याळाला कौतुकाने चावी दिली तर त्या चिकट मळीत पोलादी आस घासले जातात आणि झिजतात. म्हणून बरीच वर्षं पडून असलेलं घड्याळ झटके देऊन चालू करून पाहू नये. ते आधी उघडायला हवं.

आमच्या गावात बसस्थानकाच्या वाटेवर एक घड्याळवाले काका काचेच्या पेटीमागे बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं, आणि मशीनकडे पाहण्याआधी ते झाकण उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे होते. महिना आणि साल, शेजारी एखादं अक्षर. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात जुने कारागीर अशी खूण करून ठेवत. तेच घड्याळ पुन्हा आलं की कधी उघडलं होतं ते कळावं, म्हणून. आकडे एकाखाली एक उतरत गेले होते, दर तीन-चार वर्षांनी एक. अक्षरं बदलली होती, म्हणजे हातही बदलले होते. शेवटची तारीख वडील जाण्याच्या दोन वर्षं आधीची होती.

"तुमचे वडील नेमाने आणत होते. तेव्हा मशीनला काही झालेलं नाही," काका म्हणाले.

वडिलांच्या तोंडून या सर्व्हिसिंगबद्दल आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आम्हाला काटकसरीबद्दल सांगितलं, वेळेबद्दल सांगितलं. घड्याळ तेलपाण्याला नेण्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलं नसावं. एक घड्याळ घेतलं आणि ते आयुष्यभर चालतं ठेवलं, एवढंच. मागची सगळी वर्षं ते घरात अतिशय प्रेमाने ठेवलेलं होतं आणि त्या वर्षांची झाकणावर एकही खूण नव्हती. आकड्यांच्या त्या ओळीने दुसरं काही सिद्ध केलं नसेल, पण एक गोष्ट सरळ दाखवली. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूची देखभाल होतेच असं नाही. उलट ती आठवणीची आहे म्हणूनच तिला हात लावायला कुणी धजत नाही, आणि हात न लागल्याने ती खराब होते.

दुरुस्ती ठरवताना खरा प्रश्न आतल्या मशीनचा नसतो. सगळे भाग सुटे करायचे, धुवायचे, झिजलेला आस किंवा थकलेली कमान बदलायची, नवं तेल घालायचं. तेलही सगळीकडे नाही. केसासारख्या बारीक बालकमानीला तेलाचा थेंब लागला तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. या कामात भावनेला जागा नाही आणि नसावी. वडिलांच्या काळची कमान म्हणून थकलेली कमान आत ठेवण्यात काही अर्थ नाही. एचएमटीने कोट्यवधी घड्याळं बनवली, त्यामुळे कारखाना बंद होऊनही जुन्या घड्याळांतून काढलेले सुटे भाग अजून मिळतात. आपल्या घड्याळात दुसऱ्या कुणाच्या वडिलांच्या घड्याळाचं चाक फिरू लागतं. फिरू द्यावं.

प्रश्न पडतो तो बाहेरच्या रूपाचा. डायल पिवळसर पडलेली असते, एका कडेला ओल लागल्याचा डाग असतो, काचेवर ओरखडे असतात. दुकानदार सहज विचारतो, "डायल नवी करून देऊ? एकदम शोरूमसारखी दिसेल." जुन्या एचएमटीच्या बाजारात आज अशा पुन्हा रंगवलेल्या डायलची रेलचेल आहे. लाल, निळ्या, हिरव्या. कारखान्यातून कधी न निघालेले रंग आणि जरा जाडसर, जरा तिरकी अक्षरं. आपल्या गावोगावच्या जुन्या दगडी देवळांचं असंच झालं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढला, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरश्या आल्या. करणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, पैसेही वर्गणी काढून प्रामाणिकपणे गोळा केलेले होते. पण गळणारं शिखर तसंच राहिलं आणि कोरीवकाम रंगाखाली गेलं. जे बिघडलं होतं त्याला हात लागला नाही आणि जे शाबूत होतं ते झाकलं गेलं.

घड्याळाच्या बाबतीत मला एक साधा नियम पटला. ज्याच्यावाचून घड्याळ चालत नाही ते निःसंकोच बदलावं, आणि ज्यामुळे ते फक्त जुनं दिसतं ते राहू द्यावं. काचेचे ओरखडे थोडे घासून कमी केले, कारण वेळ दिसायला हवी. तडा गेला असता तर काचही बदलली असती. घामाने कुजलेला चामडी पट्टा काढून नवा घातला. डायलला हात लावू दिला नाही. तिच्यावरचा डाग कुठल्यातरी पावसाळ्यातला आहे. त्या पावसात वडील एसटीची वाट पाहत उभे होते की शेतावर होते, ते आता कळणार नाही. पण तो डाग वेळ पाहण्याच्या आड येत नाही, तेव्हा तो काढण्याचं कारण नाही.

वडिलांचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं. सकाळच्या बातम्यांआधी आकाशवाणीचे ठोके वाजले की ते घड्याळ लावत, पण मुद्दाम पाच मिनिटं पुढे. गाडी चुकू नये, म्हणून. दुरुस्त होऊन आल्यावर घरात चर्चा झाली की आताही ते तसंच पुढे ठेवावं का. मी ते बरोबर वेळेवर लावलं. ती पाच मिनिटं त्यांच्या गाडीची होती, त्यांच्या कामाची होती. गाडी गेली, काम संपलं. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट पाच मिनिटं ही नव्हे, तर दर तीन-चार वर्षांनी घड्याळ कारागिराकडे नेण्याची शिस्त आहे. वडिलांची नक्कल करणं सोपं असतं. त्यांनी मागे ठेवलेलं काम अंगावर घेणं थोडं जड जातं.

आणि असं काम केवळ घड्याळापुरतं नसतं. वडिलांनी खणलेली विहीर असते. तिचा गाळ दर काही वर्षांनी उपसावा लागतो, नाहीतर पाणी असूनही ती कोरडी ठरते. आजोबांची हार्मोनियम असते. ती वाजवली नाही तर भात्याला चिरा जातात आणि पट्ट्या अडकतात. पुस्तकांचं कपाट असतं, ते वर्षातून एकदा उन्हाला आणि वाऱ्याला दाखवावं लागतं, नाहीतर वाळवी आपल्याआधी ती पुस्तकं वाचून संपवते. या सगळ्या गोष्टी आपल्याला मिळाल्या असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात मिळते ती त्यांची निगा राखण्याची पाळी. वाटणीपत्रात तिचा उल्लेख नसतो, म्हणून ती कुणाच्याच वाट्याला येत नाही आणि वस्तू मात्र वाटल्या जातात.

अचूक वेळेसाठी चावीच्या घड्याळाची आज कुणालाही गरज नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. 'जनता'चा तोल सेकंदाला पाच ठोके देतो आणि दिवसाकाठी अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे होतो. पण ते उघडता येतं, धुता येतं, त्यातला एकेक भाग बदलता येतो, आणि बनवणारी कंपनी बंद झाली तरी ते चालू राहू शकतं. त्याची अट एकच. रोज कुणीतरी त्याला चावी द्यायला हवी. सकाळी ठरलेल्या वेळी, मनगटावरून उतरवून, म्हणजे चावीच्या दांडीवर ताण येत नाही. हात धुताना ते काढून ठेवावं, लाउडस्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवावं. एवढं केलं तर ते आपल्यानंतरही कुणाच्या तरी हाती चालत्या स्थितीत जाईल.

तुमच्या कपाटात असं एखादं घड्याळ असेल तर या आठवड्यात ते बाहेर काढा. चावी देऊन पाहू नका, जाणत्या कारागिराकडे न्या. असे कारागीर अजून आहेत, पण त्यांची मुलं बहुधा या धंद्यात नाहीत, तेव्हा फार थांबू नका. त्यांना तीन गोष्टी आवर्जून सांगा. काढलेले जुने भाग परत द्या. डायल रंगवू नका. आणि काम झालं की झाकणाच्या आत आजचा महिना आणि साल कोरा.