अशुभाला स्वभाव असतो का?

अशुभाला स्वतःची सत्ता असते, की शुभच जागा चुकले म्हणजे त्याला अशुभ म्हटले जाते, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न कर्करोगाच्या संदर्भात फार निकडीचा होतो. कारण या रोगाला एकतर बाहेरून घुसलेला वैरी मानले जाते, नाहीतर पूर्वकर्माचे फळ ठरवून आधीच पिचलेल्या रोग्याच्या माथी अपराधाचे ओझेही मारले जाते. पेशींच्या पातळीवर यांपैकी कोणत्याच समजुतीला आधार सापडत नाही.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांना 1863 मध्ये अर्बुदांत, म्हणजे कर्करोगाच्या गाठींत, पांढऱ्या रक्तपेशी आढळल्या आणि दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दाहाशी या रोगाचा संबंध असावा, असे त्यांनी सुचवले. दाह हा मुळात जखमेविरुद्ध वा जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेला बचाव होय. त्यात प्रतिकारपेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात, आणि त्याच्या प्रभावाने आयडीओ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लाचे किन्युरेनिनकडे रूपांतर करू लागते. ट्रिप्टोफॅन आटले आणि किन्युरेनिन साचले की परक्याला ओळखून मारणाऱ्या टी-पेशींचा जोर ओसरतो, आणि गाठ याच ओसरण्याचा आश्रय घेते. मात्र ही युक्ती गाठीने शोधलेली नाही. हेच विकर वारेतही असते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाभण उंदरिणींना ते रोखणारे द्रव्य दिले असता वेगळ्या वंशाच्या नरापासून झालेले गर्भ मातेच्या प्रतिकारशक्तीने नाकारले, तिच्याच वंशाच्या नरापासूनचे मात्र टिकले. अर्ध्या परक्या जिवाला पोटात थारा देणारी ही सहिष्णुता आहे, आणि कर्करोग वाढतो तो तिच्याच आडोशाने.

संत ऑगस्टिन यांनी अशुभाला शुभाचा अभाव मानले होते. परंतु गाठीत अभाव नसून वाढीचा आणि चिवटपणाचा अतिरेक असतो, म्हणून ते उत्तर येथे अपुरे पडते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचे म्हणणे या वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते: कोणत्याही वस्तूला स्वभाव, म्हणजे दुसऱ्या कशावरही अवलंबून नसलेले निजरूप, नसते. आयडीओ तारक की मारक, हे केवळ त्या विकराकडे पाहून कधीच सांगता येणार नाही.

ऑक्सिडेटिव्ह ताणाचेही तसेच आहे. दाहात ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे शरीराच्या निवारणक्षमतेपलीकडे साचतात, त्या स्थितीला हे नाव आहे, आणि तीत डीएनएला इजा होऊन निरोगी पेशी कर्करोगाकडे ढळू शकते. पण कर्कपेशीही त्याच ताणात होरपळते, आणि सिस्टेइन, ग्लुटामेट व ग्लायसीन या तीन ॲमिनो आम्लांपासून ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य बनवून तग धरते; म्हणूनच 2014 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उंदरांना सिस्टेइन पुरवणारे एन-ॲसिटिलसिस्टेइन किंवा हा ताण शमवणारे ई जीवनसत्त्व दिले, तेव्हा गाठी आक्रसण्याऐवजी झपाट्याने वाढल्या.

एका विकरात अशुभ कोंडलेले असते, तर ते विकर अडवणे पुरेसे झाले असते. आयडीओला रोखणारे एपॅकॅडोस्टॅट हे औषध मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधाच्या जोडीने 700हून अधिक रोग्यांच्या मोठ्या चाचणीत तपासले गेले, आणि 2018 मध्ये असे दिसून आले की, एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा या जोडीने रोग अधिक काळ थोपवला गेला नाही. एक वाट अडवली तरी दुसरी उरू शकते: ट्रिप्टोफॅन फोडणारे टीडीओ हे दुसरे विकरही अनेक गाठींत असते.