दोन डोळ्यांचा पहारा

उरणजवळ द्रोणागिरीच्या परिसरांत नवी मुंबईची जी नवी वस्ती वाढत आहे, तेथील एका स्नेह्यांच्या घरीं परवां आम्हीं चार कुटुंबांनीं मिळून एक जुना चित्रपट पाहिला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा तो १९५७ सालचा चित्रपट. शेवटीं वडील माणसें डोळे पुसूं लागलीं, पण दहा-अकरा वर्षांच्या एका मुलानें विचारलें, "साहेब तर गेले. आतां हे सहा जण उद्यां पळून गेले तर बघणार कोण?" मंडळी हंसली. आम्हांस मात्र हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाहीं.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल. आदिनाथ नांवाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर नेतो आणि ओसाड जमिनीवर त्यांच्याबरोबर राबतो. भाजी पिकते, बाजारांत रास्त भावानें विकली जाते. त्यामुळें व्यापारी बिथरतात. आणि अखेर शेतावर चालून आलेल्या बैलांशीं झुंजतांना आदिनाथाचा अंत होतो. यांत फळा नाहीं, घंटा नाहीं; तरीही हा शिक्षकाचाच चित्रपट आहे असें आम्ही समजतों. पुढें १९६७ सालीं 'टू सर, विथ लव्ह' या इंग्रजी चित्रपटांत लंडनच्या ईस्ट एंडमधील दांडगट मुलांचा शिक्षक क्रमिक पुस्तकें बाजूस सारतो आणि मुलांना प्रौढ माणसांप्रमाणें वागवूं लागतो. दोघांचा मार्ग एकच. समोरचा माणूस आज जसा आहे तसा त्याला न वागवितां, तो जसा व्हावा तसा त्याला आजपासूनच वागवावयाचें.

ही केवळ कविकल्पना आहे असें कोणीं म्हणूं नये. चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकर यांची, आणि त्यांचें माडगूळ हें गांव जुन्या औंध संस्थानांतील. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं १९३९ सालीं प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास पोलंडमध्यें जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेनें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची वसाहत उभी राहिली. तेथें तट नव्हता. कैदी शेती करीत आणि बायकामुलांसह राहत. पुढें संस्थान विलीन झालें, तरी ही वसाहत मोडली नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. माणसावर दोन प्रकारचे डोळे ठेवतां येतात. पहारेकऱ्याचे डोळे पकडण्यासाठीं असतात, आणि त्यांच्याखालीं वाढलेला माणूस एकच विद्या शिकतो, ती म्हणजे नजर चुकविण्याची. गुरूचे डोळे ओळखण्यासाठीं असतात. पहिल्यांपासून भय उपजतें, दुसऱ्यांपासून लाज. आणि भय पाठ वळतांच संपतें, लाज मात्र माणसाबरोबर घरीं येते.

हें लिहितांना आमची आम्हांसच लाज वाटते, कारण पहारेकरी आमच्या खिशांतच होता. चिरंजीव कोठें आहेत हें भ्रमणध्वनीवर घटकाघटकेला पाहण्याची सोय आम्हीं करून ठेवली होती. एके दिवशीं तो मित्राच्या घरीं अभ्यास करीत असल्याचें त्या यंत्रानें दाखविलें. प्रत्यक्षांत यंत्र तेवढें मित्राच्या घरीं होतें. चिरंजीव पिरवाडीच्या किनाऱ्यावर हिंडत होते. आम्ही पुष्कळ रागावलों. पण ही चोरी त्याला शिकविली कोणीं?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. ज्याचा मुलगा मारला गेला तो बाप विचारील, "हा विश्वास तुम्हीं कोणाच्या जिवावर टाकलात?" औदार्य दुसऱ्याच्या खर्चानें करणें फार सोपें असतें. म्हणूनच आमच्या मतें विश्वासाची कसोटी ही, कीं तो फसला तर पहिली किंमत कोण देणार? आदिनाथ कैद्यांची जबाबदारी स्वतःवर घेतो आणि त्यांच्याबरोबर चिखलांत उतरतो. मोकळें सोडून स्वतः निर्धास्त झोंपणें हा विश्वास नव्हे, तें दुर्लक्ष होय.

द्रोणागिरी या नांवाशीं लोक मारुतीनें उचलून नेलेल्या पर्वताची आठवण जोडतात. आम्हांस मात्र त्या डोंगराकडे पाहतांना द्रोणाचार्य आठवले. एकलव्यानें मातीचा गुरु केला. त्या मातीच्या डोळ्यांना दिसत नव्हतें. एक दिवस सराव चुकला असता तर कोणास कळलें असतें? तरीही तो चुकला नाहीं, कारण पाहणारा गुरु त्याच्याच ठायीं होता. पुढें हाडामांसाचे आचार्य आले. ज्यांनीं त्याच्याकडे कधीं शिष्य म्हणून पाहिलें नव्हतें, त्यांनीं त्याचा अंगठा मागितला. शिष्याच्या हातांवर हक्क सांगण्याआधीं गुरूनें त्याला आपले डोळे द्यावयास हवेत, एवढाच बोध आम्ही यांतून घेतों.

त्या मुलाला आम्हीं दुसऱ्या दिवशीं सांगितलें, "आतां ते सहा जणच स्वतःला बघतील." त्याचें समाधान झालें असें दिसलें नाहीं, आमचेंही पुरतें झालेलें नाहीं. मात्र घरीं येऊन आम्हीं ती पाळत ठेवण्याची सोय काढून टाकली आणि चिरंजीवांस तसें सांगितलें. त्या सायंकाळीं तो अर्धा तास उशिरां आला. कोठें होतों, हें त्यानें आपण होऊन सांगितलें. तें खरें होतें कीं नाहीं, हें ताडून पाहण्याचें साधन आतां आमच्यापाशीं नाहीं.