न जन्मलेल्यांचा वाटा



कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ९० टक्क्यांहून अधिक जंगल सार्वजनिक मालकीचे आहे. तेथील आदिवासी समाज त्यातील मोठ्या भूभागावर आपला मूळ हक्क सांगतात. कंपन्यांना झाडे तोडण्याचे परवाने मिळतात. पण कोणत्या विभागातून वर्षाला किती लाकूड काढावे, ही मर्यादा सरकारचा मुख्य वनाधिकारी ठरवतो. साधारणपणे दर दहा वर्षांनी तिचा फेरविचार होतो.

नियम ऐकायला सोपा आहे : मुद्दल राखावे, व्याजावर जगावे. जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे. १७१३ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणी व भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी हाच विचार ग्रंथरूपाने मांडला होता.

परंतु थंड प्रदेशात झाड सावकाश वाढते. आज लावलेले रोप तोडणीला यायला ८० ते १०० वर्षे लागू शकतात. म्हणजे जो लावतो तो तोडत नाही आणि जो तोडतो त्याने लावलेले नसते. मग उभ्या झाडात कोणाकोणाचा वाटा आहे?

हा प्रश्न तेथे खरोखरच उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाइन वृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची मोठी साथ पसरली. पूर्वी कडाक्याची थंडी त्यांना मारीत असे. हिवाळे सौम्य झाले आणि ते फोफावले. विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून अधिक झाडे मेली. मेलेले लाकूड वाया जाऊ नये म्हणून तोडणीची मर्यादा वाढवण्यात आली. गिरण्या जोरात चालल्या. पुढे तोडण्यासारखे लाकूड कमी उरले, मर्यादा खाली आणावी लागली आणि अनेक गिरण्या बंद पडल्या. हातावर पोट असलेल्या माणसाला तेव्हा ‘शंभर वर्षांनंतरचा विचार कर’ असे सांगणे सोपे नव्हते.

येथे दोन शेजारी आहेत. एक आज भुकेला आहे, दुसरा अजून जन्मलेला नाही. पहिल्याला आवाज आहे, दुसऱ्याला तोही नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, माणसाने वस्तू स्वतःकडे ठेवाव्यात, पण त्यांचा उपभोग घेताना त्या सर्वांच्या आहेत असे मानून गरजूला वाटा द्यावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हा न्याय पुढच्या पिढ्यांनाही लागू केला.

अनुवाद ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात युद्धाच्या धामधुमीतही फळझाडे तोडण्यास मनाई आहे. इतर झाडे तोडण्यास परवानगी आहे. पवित्र शास्त्र कुऱ्हाड हिरावून घेत नाही, तिला मर्यादा घालते; आणि तीही गरज सर्वांत निकडीची असते तेव्हा.

म्हणून मर्यादा हे केवळ गणित नव्हे. झाडांची वाढ मोजता येते. पण कोणी किती सोसावे हे विवेकाने ठरवावे लागते. मर्यादा पाळायची तर तिचा भार एकट्या मजुराच्या खांद्यावर टाकू नये. ज्यांनी भरभराटीच्या वर्षांत नफा घेतला, त्यांनी त्याच्या कुटुंबाला हात दिला पाहिजे. नाहीतर नातवंडांना न्याय देताना आपण दारातल्या लाजरसाला विसरू.

विहीर, शेत, वाडी असे जे जे आपल्याला वाडवडिलांकडून मिळाले, त्याकडे पाहताना या आठवड्यात दोघांचीही आठवण ठेवू या आणि दोघांसाठीही प्रार्थना करू या.

आपला धर्मगुरू