नुसतं बसून आलास, बोललास कुठे?

मान वर कर आणि नीट ऐक. समुपदेशकाकडे एकदा गेलास, पाऊण तास बसलास आणि बाहेर येऊन सांगत सुटलास, "त्यांनी नुसतं विचारलंच, उपाय काहीच सांगितला नाही." गंडा बांधून हवा होता का?

पहिल्या भेटीत विचारतातच. झोप लागते का, जेवण जातं का, हे कधीपासून, घरात कोण कोण, जीव नकोसा होतो का. तू काय उत्तर दिलंस? "सगळं ठीक आहे." ठीक होतं तर गेलास कशाला? रात्र रात्र जागतोस, डबा तसाच परत नेतोस, हे मला दिसतं. त्यांना तू सांगितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणे गावात बोभाटा होईल! २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घातलंय. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असला, तर गोष्ट वेगळी. आणि लाज कसली? याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० मध्ये डॉक्टर आरोळे दांपत्याने काम सुरू केलं, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. पण कुष्ठरोग हे पाप नव्हे, आजार आहे, हे त्यांनी गावाला पटवलं. तू बारावी शिकून मनाच्या आजारापायी तोंड लपवतोस?

आडसाली उसासाठी तुमच्या घरचे दीड वर्ष थांबतात आणि तू स्वतःच्या मनाला पाऊण तास देतोस! पाच-सहा बैठका तरी जा. एखाद्या दिवशी बोलून आल्यावर उलट जास्त जड वाटेल, रडू येईल. म्हणून पळून यायचं नाही. घरी करायला काही दिलं, तर करूनच जायचं. गोळ्या लिहून देणं मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. त्यांनी दिल्या तर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्या समुपदेशकाशी खरोखर जमत नसेल तर तसं त्यांना स्पष्ट सांग. आपण दुसरा शोधू. उपचार मात्र सोडायचा नाही.

रात्री-अपरात्री फारच घाबरं झालं तर १४४१६ लाव. टेलि-मानस, सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर पाठ कर.

आता फोन काढ आणि पुढच्या भेटीची वेळ ठरव. इथेच, माझ्यासमोर.