फिटलेले आणि न फिटलेले कागद

जुन्या नोटांविषयी आपल्याकडे हल्ली फार बोलले जाते आणि त्यातले बहुतेक बोलणे भावाचे असते. विशिष्ट क्रमांकाची पाच रुपयांची नोट घरात असली की लाखो रुपये मिळतात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या चित्रफिती मराठवाड्यातल्या निलंग्याच्या बाजारातल्या मोबाइलवरही सुखेनैव फिरतात. फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला: असल्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. लोभाचा प्रतिवाद करण्यात शब्द घालवू नयेत. तो पोलिसांचा विषय आहे. निजामाच्या नोटा जपणे म्हणजे गुलामी जपणे, असेही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास कोणी ना कोणी म्हणते. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर छापा घालणाऱ्यांनी निजामी चलन जाळले नाही, निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेले. त्या मताला एवढे उत्तर पुरे आहे.

माझे भांडण तिसऱ्या, अभ्यासू आणि सभ्य मताशी आहे. जाणते संग्राहक बाजारूपणाला उत्तर म्हणून ते मांडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटते. किंमत विसरा, कोरीवकाम पाहा, असे ते मत. नोट किंवा कर्जरोखा ही उपयोजित कलेतली एक उत्तम कृती आहे. तिचा आर्थिक व्यवहार कधीच संपला, आता उरली आहे ती रेषा. या मताचा सगळ्यात लाडका कागद म्हणजे प्रूफ.

प्रूफ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कारागीर पोलादी ठशावर उलट्या दिशेने रेषा कोरतो. शाई त्या खाचांत बसते, दाबाखाली कागद ती उचलतो आणि बोटाला जाणवेल असा उठाव येतो. खरी छपाई सुरू होण्याआधी पातळ कागदावर चाचणीचे छाप काढतात. त्यावर क्रमांक नसतो, सही नसते. पुढे कोणी गैरवापर करू नये म्हणून बहुधा सहीच्या जागी भोके पाडलेली असतात. असा कागद कोणाच्या कनवटीला लागलेला नसतो, त्याला हळदीचा किंवा तंबाखूचा हात लागलेला नसतो. कलावादी संग्राहकाला तो म्हणूनच निर्मळ वाटतो. व्यवहाराने मळण्याआधीची नोट, असे त्याचे वर्णन होते.

प्रूफांच्या सौंदर्याविषयी माझी तक्रार नाही. हजारो वर्तुळे एकमेकांत गुंतवून केलेली ती जाळीदार नक्षी पाहताना कोणाचीही नजर ठरेल. पण ती नक्षी तिथे का आहे? नकली नोट करणाऱ्याच्या हाताला ती साधू नये म्हणून. हे सौंदर्य अविश्वासाच्या पोटी जन्मले आहे. प्रत्येक रेषा या भीतीने आखलेली आहे की उद्या कोणीतरी हा कागद पुढे करील आणि देणे मागेल. त्या मागणाऱ्याला चित्रातून वगळले तर रेषा उरते, तिचे कारण उरत नाही. शिवाय प्रूफ व्यवहाराआधीचे असते हेही अर्धेच खरे. सहीच्या जागेची भोकेच सांगतात की देणे कुठून सुरू होते हे छापखान्याला पक्के ठाऊक होते.

कलावाद कुठे तोकडा पडतो याचा एक धडधडीत दाखला आहे आणि तो आपल्याला फार दूरचा नाही. लंडनची वॉटरलो आणि सन्स ही कंपनी नोटांच्या कोरीव छपाईत नावाजलेली होती. १९२५ मध्ये आल्व्हेस दुश रेइश या पोर्तुगीज माणसाने खोटी करारपत्रे दाखवून तिच्याकडून वास्को द गामाचे चित्र असलेल्या पाचशे एस्कुदोंच्या नोटा छापून घेतल्या. कंपनी खरी, ठसे खरे, शाई खरी. त्या नोटा आणि पोर्तुगालच्या बँकेने अधिकृतपणे काढलेल्या नोटा यांच्यात डोळ्याला दिसेल असा कोणताही फरक नव्हता. तेच क्रमांक दोनदा आढळले तेव्हा बिंग फुटले. पुढे बँकेने वॉटरलोवर दावा लावला आणि १९३२ मध्ये तो हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. प्रश्न असा होता की बँकेचे नुकसान किती झाले: कागद आणि छपाईचा खर्च, की नोटांवर लिहिलेली पूर्ण रक्कम? तीन विरुद्ध दोन अशा मताने निकाल पूर्ण रकमेच्या बाजूने गेला, कारण बँकेला त्या नोटांची भरपाई करावी लागली होती. अल्पमतातल्या दोघांना ते मुख्यतः छपाईच्या खर्चाचे नुकसान वाटले. आपले कलावादी संग्राहक, बहुधा नकळत, त्या दोन न्यायाधीशांच्या बाजूला बसलेले आहेत.

हीच वॉटरलो कंपनी निजामाच्या नोटा छापत होती. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ पासून हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही होती. म्हणजे तेव्हा बिदर जिल्ह्यात असलेल्या निलंग्यातल्या माणसाला त्याचे येणे त्याच्या भाषेत वाचता येत होते. या नोटांची एक खेप ‘इजिप्त’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाली होती. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात टक्कर होऊन ते जहाज सोन्याचांदीसकट बुडाले. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढले, त्याबरोबर या नोटाही आल्या. त्या सहीविना होत्या. मग जहाजातून मिळाल्याचा मजकूर त्यांच्यावर छापून त्या आठवण म्हणून वाटल्या गेल्या. आज संग्राहक त्यांच्यासाठी धडपडतात. त्यांचे कोरीवकाम इतर निजामी नोटांसारखेच आहे. धडपड आहे ती बुडाल्याच्या शिक्क्यासाठी. मी फक्त रेषा पाहतो, असे म्हणणाऱ्याने या नोटेला जादा पैसे का मोजले याचे उत्तर द्यावे.

कलावादाचे आणखी एक नुकसान आहे. तो कागद चौकटीत घालतो आणि त्यामुळे कागदाची पाठ भिंतीकडे जाते. कर्जरोखा तर पाठीवरच वाचायचा असतो. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या साडेतीन टक्क्यांच्या प्रॉमिसरी नोटा घ्या. त्यांतल्या कित्येकांवर मुद्दल परत देण्याची तारीखच नसे. सहामाही व्याज मिळत राही. १८८२ च्या न्यास कायद्याने विश्वस्तांना पैसा गुंतवायला मोकळ्या ठेवलेल्या जागांत असे सरकारी कागद पहिल्या क्रमांकावर होते. त्या नोटेच्या मागे हस्तांतराच्या सह्या आणि व्याज दिल्याच्या नोंदी असत. कागद कोणाकडून कोणाकडे गेला, व्याज कधीपर्यंत उचलले गेले आणि कधी थांबले, हे सगळे तिथे असते. पुढच्या बाजूला सरकार बोलते. मागच्या बाजूला लोक बोलतात.

इथपर्यंत कलावादी मंडळी कदाचित सोबत येतील आणि म्हणतील की ठीक आहे, कलेबरोबर इतिहासही पाहू. पण इतिहास पाहायचा तर आधी एक गैरसोयीची गोष्ट कबूल करावी लागते. वचन पाळले गेले की कागद नाहीसा होतो. सावकाराचे देणे फिटले की खत फाडून टाकायचे, ही आपली जुनी रीत. सरकारही वेगळे वागत नाही: रोख्याची मुदत भरली की धारक तो परत करतो, पैसे घेतो आणि रोखा रद्द होतो. परत आलेली नोट नष्ट करतात. म्हणजे संग्रहात जे येते ते मुख्यतः न फिटलेले असते. जगाने पाळलेल्या वचनांचा पुरावा फारसा उरलाच नाही, आणि उरलेल्या कागदांवरून इतिहास सांगणारा माणूस नकळत फक्त बुडीताचा इतिहास सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये सावकारांची खते जाळली. ती न फिटताच नाहीशी झालेली खते म्हणजे या नियमाला अपवाद. तो अपवाद किती मोलाचा होता, हे त्यानंतर चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला यावरून कळते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. न फिटलेले कागद सगळे एका जातीचे नसतात. काही कागद देणारा तयार असूनही कोणी नेले नाहीत म्हणून राहिले. काही नेले, पुढे केले, आणि देणाऱ्याने हात वर केले. संग्राहकांच्या याद्यांत दोन्हींपुढे ‘बाद’ असा एकच शेरा असतो. हा शेरा मला आळशीपणाचा वाटतो, आणि खरे सांगायचे तर अन्यायाचाही.

झारच्या रशियाचे रोखे पाहा. मागच्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या लाखो लहान बचतदारांनी ते घेतले. १९१८ च्या सुरुवातीला सोव्हिएत सरकारने हुकूम काढून ती कर्जे नाकारली. बाजारात हे रोखे आजही मिळतात आणि त्यांना त्या सालापासून पुढची व्याजाची कूपने जशीच्या तशी चिकटलेली असतात. कापलेली कूपने मोजली की देणे नेमके कधी थांबले ते कळते. १९९६ मध्ये रशियाने फ्रान्सशी चाळीस कोटी डॉलरचा समझोता केला, तोवर मूळ धारकांपैकी बहुतेक मेले होते. हा फेडायला नकार दिलेला कागद.

आता निजामाची हाली नोट, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनातली. इथेही राज्य गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने पाच दिवसांत हैदराबादचा प्रश्न मिटला. त्याआधी काही महिने निजाम सरकारने वीस कोटी रुपयांचे हिंदी सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले होते आणि त्यावरून रण माजले होते. अशा राज्याच्या नोटा नव्या सरकारने रद्दीत काढल्या असत्या तर टाळ्या पडल्या असत्या. तसे झाले नाही. सात हाली रुपयांना सहा कलदार म्हणजे भारतीय रुपये, हा ठरलेला दर कायम राहिला. काही वर्षे दोन्ही चलने शेजारी शेजारी चालली आणि पन्नाशीच्या दशकात हाली चलन पायरीपायरीने मागे घेतले गेले. शत्रूचे म्हणून ज्याच्यावर शिक्का मारला होता त्या सरकारचे वचन भारतीय संघराज्याने आपल्या अंगावर घेतले. मुक्तिसंग्रामाच्या गौरवात हा भाग कोणी सांगत नाही, कारण त्यात बंदूक नाही. मला मात्र तो विलीनीकरणाचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. प्रदेश ताब्यात घेणे सैन्याला जमते. गेलेल्या राज्याची देणी स्वीकारणे हे नव्या राज्याने स्वतःला राज्य मानल्याचे लक्षण आहे.

तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या ट्रंकेत निजामी नोट सापडली तर ती बुडालेली नोट नाही. ती न नेलेली नोट आहे. ती का नेली नाही? घरातला जाणता माणूस त्या धामधुमीत गेला असेल, खजिन्यापर्यंत जाण्याची ऐपत किंवा धीर नसेल, कदाचित कितीही वेळा ऐकूनही नव्या सरकारवर विश्वास बसला नसेल. उत्तर घरागणिक वेगळे असेल आणि ते त्या घरातच शोधावे लागेल. कोरीवकामाच्या भिंगाने ते सापडणार नाही. रशियन रोख्यात दोष देणाऱ्याचा आहे, हाली नोटेत धारकाचे हात पोचले नाहीत. दोन्हींना शेजारी शेजारी टांगून ‘सुंदर’ म्हणणे म्हणजे उपाशी राहिलेल्याला आणि उपवास करणाऱ्याला एकाच पंगतीत बसवणे.

हा भेद सगळीकडे स्वच्छ लागू पडत नाही, हे मान्य. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटांचे काय? त्या नेण्याची मुदत दिली होती, आणि जवळजवळ सगळ्या परतही आल्या. ज्या राहिल्या त्यांच्याबाबत २०१७ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेची देणेदारीच संपवली. त्याच कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणे गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत सूट आहे. या नोटा न नेलेल्या म्हणायच्या की न फेडलेल्या? देणाऱ्यानेच मुदत ठरवली, ती थोडकी ठेवली आणि मुदतीनंतर येणेच मोडीत काढले, तेव्हा दोष निव्वळ धारकाचा म्हणता येणार नाही असे माझे मत आहे. कोणी उलट मत मांडले तर मी ऐकून घेईन. पण निदान वाद या प्रश्नावर व्हावा. नोटेवरच्या छापाच्या सुबकपणावर तो होऊ नये.

प्रूफ या सगळ्यात कुठे बसते? कुठेच नाही. ते कोणाचे देणे नाही आणि कोणाचे येणे नाही. छपाईच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे आणि ते तिथे जरूर असावे. पैशाच्या इतिहासाचा कळस म्हणून त्याला मिरवणे मात्र थांबायला हवे.

संग्राहकांना माझी विनंती साधी आहे. कागद चौकटीत घालायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी काच लावा. आणि यादीत ‘बाद’ लिहायचे सोडून प्रत्येक कागदापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: फेडला, नेला नाही, किंवा नाकारला. जिथे ठरवता येत नाही तिथे कारण लिहा. मराठवाड्यात हाली नोटा ज्यांच्या घरी अजून आहेत त्यांनी त्या विकण्याआधी घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाला विचारावे की ही नोट खजिन्यात का गेली नाही, आणि मिळेल ते उत्तर नोटेबरोबर लिहून ठेवावे. नोट पुन्हा मिळू शकते. हे उत्तर देणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत.